कंट्रोलच्या खळग्यांमधला लाल रंग

ठाण्यातील नौपाड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी पंधरा वर्षे तंत्रज्ञ म्हणून काम करते आहे आणि या काळात लिपिड प्रोफाइलचे किती रिपोर्ट माझ्या हातून गेले असतील याची मोजदाद मी कधी ठेवलेली नाही. एकूण कोलेस्ट्रॉल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्स यंत्र मोजते, पण एलडीएलचा, म्हणजे रक्तात कोलेस्ट्रॉल वाहून नेणाऱ्या आणि 'वाईट' म्हणवल्या जाणाऱ्या कणांचा, आकडा बऱ्याचदा प्रत्यक्ष मोजलेला नसतोच. १९७२ साली फ्रीडवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलेल्या सूत्राने, म्हणजे एकूण कोलेस्ट्रॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग वजा करून, तो काढला जातो. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर गेले की हे सूत्र वापरायचे नसते, एवढे पथ्य पाळले की झाले. रिपोर्ट न्यायला आलेली मंडळी खिडकीपाशीच कागद उघडून "ताई, कोलेस्ट्रॉल नॉर्मल आहे ना?" असे विचारतात आणि आम्ही "डॉक्टरांना दाखवा" हे ठरलेले उत्तर देतो. एलडीएल ही माझ्या लेखी एक वजाबाकी होती.

चाळिशी जवळ आली तेव्हा मी संशोधनाद्वारे एम.एस्सी. करण्यासाठी नाव नोंदवले. सकाळची पाळी संपवून दुपारी ठाणे स्थानकातून पनवेलची गाडी धरायची, पाऊण तासाने बेलापूरला उतरायचे आणि रात्री आठ-साडेआठपर्यंत प्रयोगशाळेत थांबायचे, असा क्रम दोन वर्षे चालला. माझे मार्गदर्शक सर माझ्याहून वयाने लहान होते आणि प्रयोगशाळेतली मुले मला ताई म्हणत असत. विषय सरांनीच सुचवला होता: धमनीच्या भिंतीतील प्रोटिओग्लायकन रेणूंमुळे भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, एलडीएल कमी-जास्त गिळतात का, हे तपासायचे.

या प्रश्नामागचे कोडे मला आधी समजून घ्यावे लागले. १९१३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्ट्रॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत मेदाचे थर तयार होतात हे दाखवले होते, आणि त्या थरांमध्ये मेदाने ठासून भरलेल्या पेशी असतात हेही तेव्हापासून माहीत होते. या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली साबणाच्या फेसासारख्या दिसतात म्हणून त्यांना फेनपेशी म्हणतात. रक्तातील मोनोसाइट धमनीच्या आतल्या अस्तराखाली शिरतात, तेथे त्यांचे मॅक्रोफेज होतात आणि त्यांच्याच पुढे फेनपेशी बनतात. अडचण अशी की काचेच्या ताटलीत मॅक्रोफेजना साधे, ताजे एलडीएल कितीही दिले तरी ते भरत नाहीत, कारण पेशीत कोलेस्ट्रॉल पुरेसे झाले की तिच्या पृष्ठभागावरचे एलडीएलचे रिसेप्टर, म्हणजे ते पकडून आत घेणारे रेणू, कमी होतात आणि दार जवळजवळ बंद होते. १९७९ साली ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांच्या गटाने एलडीएलवर अॅसिटिक अॅनहायड्राइडची प्रक्रिया करून ते मॅक्रोफेजना दिले, तेव्हा मात्र त्यांनी ते एका वेगळ्या, कधीही बंद न होणाऱ्या दाराने पोटभर आत घेतले. पुढे १९८५ मध्ये या दोघांना कोलेस्ट्रॉलच्या नियमनावरील कामासाठी नोबेल मिळाले. सरांनी हे सगळे फळ्यावर काढून झाल्यावर विचारले, "पण मॅडम, माणसाच्या धमनीत अॅसिटिक अॅनहायड्राइडची बाटली कोणी ठेवली आहे?"

बाटली नाही, पण भिंत आहे. धमनीच्या आतल्या अस्तराखालचा थर पोकळ नसतो, त्यात प्रोटिओग्लायकन असतात. एक गाभ्याचे प्रथिन आणि त्याला जोडलेल्या साखरेच्या लांब साखळ्या अशी त्यांची रचना असते. डेकोरिनला अशी एक साखळी असते, बायग्लायकनला दोन असतात आणि त्याचे नावही त्यावरूनच पडले आहे, तर व्हर्सिकनला पुष्कळ असतात. या साखळ्यांवरील सल्फेट आणि कार्बोक्सिल गटांमुळे त्या ऋणभारित असतात. एलडीएलच्या कणाभोवती अपोबी-१०० नावाचे ४,५३६ अमिनो आम्लांचे एक अवाढव्य प्रथिन गुंडाळलेले असते आणि त्यावर काही ठिकाणी लायसिन व आर्जिनिन यांच्यामुळे धनभाराची दाटी झालेली असते. बोरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये यातील ३३५९ ते ३३६९ या क्रमांकांचा तुकडा पकडीचे मुख्य ठिकाण असल्याचे दाखवले. एलडीएल धमनीच्या भिंतीत सगळ्यांच्याच शिरते आणि बहुतेक बाहेरही पडते; रोग सुरू होतो तो त्यातले काही आत अडकून राहते म्हणून, असा विचार विल्यम्स आणि टबास यांनी १९९५ साली मांडला होता आणि माझा प्रबंध त्याच धाग्याचे एक लहानसे टोक होता.

ऐरोलीच्या खाडीकाठी ओहोटीच्या वेळी उभे राहिले तर ही गोष्ट डोळ्यांना दिसते. पाणी दिवसातून दोनदा आत येते आणि दोनदा बाहेर जाते, आणि मोकळ्या पात्रातला कचरा त्याच्याबरोबर ये-जा करतो. पण कांदळवनाच्या चिखलातून वर आलेल्या मुळांमध्ये जे अडकते ते तिथेच राहते, त्यावर गाळ बसतो, त्याचे गोळे होतात. माझा प्रश्न त्या गोळ्यांविषयीचा होता, फक्त मी तो तेव्हा इतक्या नेमकेपणाने ओळखला नव्हता.

प्रोटिओग्लायकन विकत मिळतात, पण आमच्या तुटपुंज्या अनुदानात ते बसणारे नव्हते, म्हणून बोकडाच्या महाधमनीतून ते काढायचे ठरले. कोपरीतल्या आमच्या नेहमीच्या मटणवाल्याला मी हृदयापासून निघून कण्याला चिकटून खाली जाणारी जाड पांढरी नळी बाजूला ठेवायला सांगितली, तेव्हा त्याने सुरी थांबवून "ताई, ती कोण खातं?" असे विचारले. खायची नाही, अभ्यासाला हवी, असे सांगितल्यावर त्याने पैसे घेतले नाहीत आणि पुढे दर रविवारी पहाटे चार-पाच नळ्या पिशवीत बांधून ठेवू लागला. पहिल्याच रविवारी नेमका मेगाब्लॉक होता. बर्फाने भरलेला थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन मी बसने बेलापूर गाठले आणि शेजारच्या बाईंनी पापलेटचा भाव विचारला तेव्हा खरे काय ते सांगण्याचे धाडस मला झाले नाही.

महाधमनी उभी चिरून सपाट पसरली की आतली बाजू मोत्यासारखी चमकते. पाठीकडच्या बाजूला बरगड्यांमधल्या धमन्यांची तोंडे जोडीजोडीने ओळीत दिसतात आणि सरांनी मला त्या तोंडांजवळच बोट फिरवून पाहायला सांगितले होते. जेथे फाटा फुटतो तेथे रक्ताचा प्रवाह एकसारखा राहत नाही, आणि माणसाच्या धमन्यांमध्ये मेदाचे थर प्रथम अशाच जागी धरतात. बाहेरचे आवरण सोलून काढायचे, उरलेला भाग बारीक चिरायचा आणि तो ४ मोलर ग्वानिडीन हायड्रोक्लोराइडच्या द्रावणात शीतकक्षात सावकाश हलवत ठेवायचा. त्या द्रावणात प्रथिनांनी धरलेले हात सुटतात आणि प्रोटिओग्लायकन बाहेर येतात. नंतर ते डीईएई नावाच्या धनभारित रेझिनच्या स्तंभातून सोडले की ऋणभारामुळे ते रेझिनला घट्ट धरून बसतात, आणि मिठाचे प्रमाण वाढवत नेले की शेवटी सुटतात. या स्तंभात जे घडत होते तेच भिंतीत एलडीएलच्या बाबतीत घडत असणार, हे मला स्तंभाखाली नळ्या बदलता बदलता जाणवले. कोणत्या नळीत माल उतरला आहे हे पाहण्यासाठी डीएमएमबी नावाचे निळे रंगद्रव्य वापरतात, सल्फेट असलेल्या साखळ्या भेटल्या की ते जांभळे होते. तीन महिने निळ्याचे निळेच पाहिल्यानंतर एका संध्याकाळी दोन नळ्या जांभळ्या झाल्या आणि मी त्या नळ्या उजेडात धरून प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाला दाखवत फिरले.

एलडीएल मात्र माणसाचेच हवे होते. आचारसमितीची परवानगी घेऊन मुदत संपलेला प्लाझ्मा रक्तपेढीकडून मिळाला. त्यात पोटॅशियम ब्रोमाइड विरघळवून घनता वाढवायची आणि अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला ४०,००० हून अधिक फेऱ्यांनी रात्रभर फिरवायचे. १.०१९ च्या घनतेला जे वर तरंगते ते काढून टाकायचे, मग घनता १.०६३ वर न्यायची आणि पुन्हा रात्रभर फिरवायचे, की जे वर येते ते एलडीएल. सकाळी झाकण उघडून नळी बाहेर काढली तेव्हा तिच्या माथ्याशी एक नारिंगी-पिवळे कडे स्थिरावले होते. हा रंग एलडीएलच्या कणांसोबत प्रवास करणाऱ्या कॅरोटिनॉइडांचा असतो. पंधरा वर्षे ज्याची वजाबाकी केली ते मी त्या दिवशी प्रथम पाहिले. त्यातला एकेक कण म्हणजे मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले साधारण २२ भाग, त्यामुळे दिसत होता तो थवाच होता, पण दिसत होता.

हे कडे सुईने अलगद ओढून घेतल्यावर त्यातले मीठ काढायचे असते आणि त्या द्रावणात ईडीटीए घालावे लागते, नाहीतर तांब्या-लोखंडाच्या अंशामुळे एलडीएल हवेतच खराब होऊ लागते. परंतु प्रोटिओग्लायकनशी जोडी जमवायला कॅल्शियम लागते आणि ईडीटीए नेमके कॅल्शियमच धरून ठेवते, म्हणून प्रयोगाच्या आदल्या दिवशी ईडीटीएही काढून टाकावे लागते. एलडीएल गोठवायचे नाही, ४ अंशांवर अंधारात ठेवायचे आणि फार दिवस ठेवायचे नाही. या साऱ्या सूचना सरांनी दिल्या होत्या आणि मी त्या वहीत लिहून घेतल्या होत्या. एक सूचना त्यात नव्हती, कारण ती द्यावी लागेल असे त्यांना वाटले नव्हते.

पेशी टीएचपी-१ नावाच्या होत्या; रक्ताचा कर्करोग झालेल्या एका वर्षाच्या बालकाच्या रक्तापासून जपानमध्ये १९८० च्या सुमारास तयार झालेला हा वंश आज जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतो. या गोल, तरंगत्या पेशींना पीएमए नावाचे रसायन दिले की दोन-तीन दिवसांत त्या तळाला चिकटतात, चपट्या होतात आणि मॅक्रोफेजसारख्या वागू लागतात. प्लास्टिकच्या ताटलीतील चोवीस खळग्यांत मी त्या वाढवल्या. काही खळग्यांत एलडीएल अजिबात नव्हते, काहींत साधे एलडीएल, काहींत प्रोटिओग्लायकनशी जोडी जमवलेले एलडीएल, काहींत नुसते प्रोटिओग्लायकन, आणि शेवटच्या ओळीत अॅसिटिक अॅनहायड्राइडची प्रक्रिया केलेले अॅसिटिल एलडीएल, जे पेशी हमखास गिळणार हे माहीत होते. दुसऱ्या दिवशी पेशी धुऊन, स्थिर करून ऑइल रेड ओ या रंगाने रंगवल्या. हा रंग मुक्त कोलेस्ट्रॉलला लागत नाही. पेशी जेव्हा जास्तीच्या कोलेस्ट्रॉलचे एस्टर करून त्याचे थेंब साठवते तेव्हा ते थेंब लाल होतात, म्हणून फेनपेशी ओळखायला तो उपयोगी पडतो.

अॅसिटिल एलडीएलची ओळ लाल झाली. प्रोटिओग्लायकनची ओळ लाल झाली. आणि साध्या एलडीएलची ओळ, जी जवळजवळ कोरी राहायला हवी होती, तीही तितकीच लाल झाली.

कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेले खळगे, आणि प्रयोग सारखेच आले तर हाती काहीच उरत नाही. मला वाटले एलडीएल खराब झाले असेल, म्हणून नवा प्लाझ्मा घेऊन सगळे पहिल्यापासून केले आणि त्यात पाच आठवडे गेले. ओळ पुन्हा लाल. मग ईडीटीए दुप्पट घातले, नवे सीरम आणले, पेशींची नवी कुपी वितळवली. प्रत्येक वेळी तोच लाल रंग. त्या दिवसांत गाडीत बसल्यावर रबाळे-घणसोली कधी गेले ते मला कळत नसे, आणि दोन महिन्यांनी मी सरांना स्पष्टच सांगितले की या वयात हे माझ्याच्याने होणार नाही. सरांनी त्यावर काहीच न बोलता स्टूल ओढले, माझ्या टेबलाशेजारी बसले आणि म्हणाले, "तुम्ही आज सगळं नेहमीसारखं करा, मी नुसतं बघतो."

मी एलडीएलची नळी बर्फातून काढली, त्यातून ठरलेला भाग पेशींच्या माध्यमात घेतला, झाकण लावले आणि नळीचा तळ व्हॉर्टेक्सच्या, म्हणजे नळी जोरात घुसळणाऱ्या यंत्राच्या, रबरी खाचेवर टेकवला. यंत्र घुर्र करून थांबायच्या आत सरांनी माझा हात धरला.

पॅथॉलॉजी लॅबमध्ये व्हॉर्टेक्स ही हाताची सवय असते. रक्ताची नळी आम्ही अशी हलवत नाही, कारण पेशी फुटतात, पण सीरम पातळ करताना किंवा अभिकर्मक मिसळताना विचार न करता नळी त्या यंत्रावर जाते. प्रोटिओग्लायकन आणि एलडीएलचे मिश्रण हळुवार मिसळा असे सरांनी लिहून दिले होते, ते मी तंतोतंत पाळले होते. साध्या एलडीएलबद्दल काही लिहिलेले नव्हते, म्हणून तेथे माझ्या हाताने आपली पंधरा वर्षांची रीत चालवली. सरांनी नळी खिडकीकडे धरली. द्रावण किंचित गढूळ होते. तो गढूळपणा मी याआधीही पाहिला होता आणि बुडबुडे समजून सोडून दिला होता.

सरांनी मला वाचायला दिलेला शोधनिबंध १९८८ सालचा होता. कॅलिफोर्नियातील ला होया येथे स्टाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत खू आणि सहकाऱ्यांनी एलडीएल नुसते अर्धा मिनिट व्हॉर्टेक्सवर फिरवले, त्याचे कण एकमेकांना चिकटून गोळे झाले, आणि ज्या मॅक्रोफेज साध्या एलडीएलकडे फारसे लक्ष देत नव्हत्या त्याच हे गोळे गिळून कोलेस्ट्रॉलने भरल्या. रासायनिक बदल काही केलेला नव्हता. म्हणजे मी नकळत एक जुना आणि चांगला प्रयोग अनेकदा यशस्वी करून दाखवला होता आणि त्यालाच अपयश समजत होते.

त्या रात्री परतताना मी माझा प्रश्न मनात नव्याने मांडला. सुटा कण रिसेप्टरच्या दारातून एकेक करून आत जातो आणि पेशीला पुरेसे झाले की ते दार मिटते. पण गोळा आला तर पेशी तो जिवाणूसारखा कवेत घेऊन एका घासात गिळते, आणि एका घासात किती कण आले याचा हिशेब त्या दाराशी होतच नाही. माझ्या कंट्रोलमध्ये गोळे यंत्राने केले होते. मग प्रयोगाच्या ओळीत ते कोणी केले? तेथे यंत्र नव्हते. प्रोटिओग्लायकनच्या साखळ्यांनी कणांना शेजारी शेजारी धरून ठेवले होते, आणि खऱ्या धमनीत तर असे धरलेले कण स्फिंगोमायलिनेज आणि फॉस्फोलायपेज यांसारख्या विकरांच्या तावडीत बराच काळ सापडतात, त्यांचा पृष्ठभाग बदलतो आणि ते एकमेकांत मिसळून आणखी मोठे होतात. भिंतीतील रेणू मॅक्रोफेजला काही शिकवत नाहीत. ते तिच्यापुढे येणाऱ्या घासाचा आकार बदलतात. अॅसिटिल एलडीएलच्या बाबतीत एक गंमतही माझ्या लक्षात आली. अॅसिटिल गट लायसिनवर बसतात आणि त्यांचा धनभार घालवतात, त्यामुळे असे एलडीएल प्रोटिओग्लायकनला नीट धरतच नाही. भिंतीची पकड असते ती साध्या, न बिघडलेल्या एलडीएलवर. बिघाड नंतर होतो.

व्हॉर्टेक्सच्या वायरला मी कागद चिकटवून त्यावर "एलडीएल नाही" असे लिहिले आणि नळी बोटांत धरून सावकाश कलती करत पुन्हा ताटल्या लावल्या. साध्या एलडीएलची ओळ या वेळी फिकट राहिली, तुरळक थेंब सोडले तर कोरी. प्रोटिओग्लायकनची ओळ लाल होती.

सरांना त्याचा आनंद झाला, पण त्यांनी ताटली सूक्ष्मदर्शकाखाली सरकवत नेली आणि दोन पेशींमधल्या मोकळ्या जागेवर थांबले. तेथेही लाल ठिपके होते. प्लास्टिक काही गिळत नाही. जोडीचे गोळे जड असतात, ते खाली बसतात आणि तळालाही चिकटतात, त्यामुळे रंग आयसोप्रोपेनॉलमध्ये उतरवून यंत्रावर मोजला तर पेशीने गिळलेले आणि नुसते चिकटलेले असे दोन्ही एकाच आकड्यात येतात. यावरचा उपाय ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांच्याच जुन्या कामात आहे: एक ताटली ३७ अंशांवर आणि तशीच दुसरी ४ अंशांवर ठेवायची. थंडीत पेशीच्या पृष्ठभागावर कण चिकटतात पण पेशी ते आत ओढू शकत नाही, म्हणून दुसऱ्या ताटलीचा आकडा पहिलीतून वजा केला की गिळलेला भाग उरतो. वजाबाकी इथेही सुटली नाही. तिसऱ्या ताटलीत सायटोकॅलेसिन डी दिले, ज्याने पेशीच्या आतली अॅक्टिनची दोरखंडे बांधली जात नाहीत आणि तिला घास कवेत घेता येत नाही. तेथे लाल रंग बराच ओसरला, म्हणजे जोडीचे एलडीएल मुख्यत्वे घास घेऊनच आत जात होते.

बराच, पण पूर्ण नाही. पेशींच्या कडेला, जेथे त्या तळाच्या गोळ्याला बिलगलेल्या होत्या, तेथे लालसर किनार दिसत राहिली आणि मी ती धुण्यातली कसूर समजत होते. न्यूयॉर्कमध्ये मॅक्सफील्ड यांच्या प्रयोगशाळेने २००९ मध्ये दाखवले होते की घट्ट अडकलेला गोळा मॅक्रोफेज नेहमीच गिळत नाही. ती त्याला बिलगून मधे एक बंदिस्त खोबण करते, त्यात आम्ल आणि आपली पाचक विकरे ओतते आणि बाहेरच पचवून सुटलेले कोलेस्ट्रॉल शोषून घेते. माझी किनार तीच होती असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, कारण ते पाहण्यासाठी लागणारा सूक्ष्मदर्शक आमच्याकडे नव्हता. प्रबंधात मी ती छायाचित्रासह नोंदवली आणि पुढे गेले.

ताटलीवरून धमनीपर्यंत उडी मारायची नाही हे सरांनी बजावले होते, म्हणून शेवटचे प्रकरण इतरांच्या कामावर लिहिले. त्यातला सर्वांत भक्कम आधार पुन्हा बोरेन यांच्याच कामाचा आहे. २००२ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे त्यांच्या गटाने असे उंदीर तयार केले की त्यांच्या एलडीएलवरील पकडीचा तुकडा बदललेला होता. रक्तातील कोलेस्ट्रॉल तसेच चढे असूनही त्यांच्या धमन्यांत मेदाचे थर पुष्कळच कमी धरले. जपानमध्ये नाकाशिमा आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये माणसाच्या हृदयधमन्यांचे छेद तपासून सांगितले की मेद प्रथम अस्तराखालच्या जाड थरात, बायग्लायकन असते तेथे, पेशींच्या बाहेर साठतो आणि मॅक्रोफेज त्यानंतर येतात. हा क्रम वाचल्यावर मला माझ्या ताटलीतली एक उणीव कळली. मी पेशी आधी वाढवल्या होत्या आणि एलडीएल नंतर दिले होते. शरीरात घास आधी वाढलेला असतो आणि खाणारी मागाहून येते.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षक मॅडमनी नेमका दुखरा प्रश्न विचारला. खाटकाकडच्या धमनीतून काढलेल्या द्रावणात जिवाणूंचे एंडोटॉक्सिन नव्हते कशावरून, आणि मॅक्रोफेज त्यानेच चेवल्या नसतील कशावरून? एंडोटॉक्सिनचा अंश होता, आम्ही तपासला होता, म्हणून ते निष्प्रभ करणारे पॉलिमिक्सिन बी घालूनही ताटल्या लावल्या होत्या आणि नुसत्या प्रोटिओग्लायकनचे खळगे फिकटच राहिले होते, असे मी सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, "आणि बायग्लायकन स्वतःच पेशीला चेतवत असेल तर?" ते खरेच आहे, सुटे बायग्लायकन मॅक्रोफेजवरील टीएलआर-२ आणि टीएलआर-४ या रिसेप्टरांना चेतवते हे २००५ मध्ये दाखवले गेले आहे. पॉलिमिक्सिनने ते थांबत नाही. माझ्याकडे उत्तर नव्हते आणि मी तसे कबूल केले. त्यांनी वहीत काही लिहिले आणि पुढचा प्रश्न विचारला.

आता मी पुन्हा पूर्ण वेळ नौपाड्यात असते. रिपोर्ट तेच आहेत आणि खिडकीपाशीचा प्रश्नही तोच आहे. एलडीएल जितके जास्त आणि जितकी अधिक वर्षे, तितके भिंतीत अडकणारे अधिक, त्यामुळे तो आकडा खाली आणायचा हे डॉक्टरांचे सांगणे माझ्या प्रयोगाने तसूभरही बदलत नाही. भिंतीची पकड सैल करणारे औषध काही आपल्याकडे चिठ्ठीवर लिहून मिळत नाही. मी अजूनही "डॉक्टरांना दाखवा" असेच म्हणते.

बेलापूरची माझी फळी रिकामी करायला मी एका शनिवारी गेले होते. शीतकपाटात मागच्या बाजूला एलडीएलची एक विसरलेली नळी होती, झाकणावर माझ्याच अक्षरात सात महिन्यांपूर्वीची तारीख. नारिंगी-पिवळा रंग पार उडाला होता. ऑक्सिजनने कॅरोटिनॉइड संपवले की एलडीएल असेच पांढुरके पडते. नव्याने आलेला मुलगा शेजारी उभा होता, त्याने ती हातात घेतली आणि नीट दिसावे म्हणून हलवणार तेवढ्यात मी त्याचा हात धरला. मग लक्षात आले की आता हलवली काय आणि न हलवली काय, आणि ती हायपोक्लोराइटच्या बादलीत ओतून दिली.